खिडकीबाहेर काहीतरी लाल

यानाला गोधडी लागते म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. वर गेल्यावर एका अंगाने ऊन भाजून काढतं, दुसऱ्या अंगाने हाडं गोठतील असा गारठा असतो, आणि मधे माणूस बसलेला असतो तुमच्याआमच्यासारखा, हाडामांसाचा. त्या यानाला बाहेरून पांघरूण नको? चांदीच्या वर्खासारखे पातळ पापुद्रे, दोन पापुद्र्यांच्या मधे मच्छरदाणीसारखी जाळी, पुन्हा पापुद्रा, पुन्हा जाळी, असे थरावर थर रचायचे आणि कडेने टाके घालायचे. कारखान्याच्या कागदांवर या वस्तूला हातभर लांब नाव होतं. शिवणखात्यातल्या बायका तिला सरळ गोधडी म्हणायच्या आणि पुढे पुढे इंजिनियर लोकही तेच म्हणायला लागले.

सरळ शिलाई मशीन करतं. पण खिडकीभोवतीची गोलाई आली की मशीन हात टेकतं आणि माणसाचे हात पुढे यावे लागतात. ते हात अक्काचे. अक्का पूर्वी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात फ्रॉक शिवायची. फुग्याची बाही शिवावी तर तिनेच, अशी तिची ख्याती होती. एवढ्याशा गोलात एवढं मोठं कापड चुण्या घालून असं बसवायची, की कुठे गोळा नाही, कुठे ताण नाही. कारखान्याने शिवणाऱ्या बायका शोधल्या तेव्हा परीक्षेला एक वाकडी पत्र्याची कड दिली होती. बाकीच्या बघतच बसल्या. अक्का म्हणाली, "ही तर बाहीच आहे की," आणि बसली शिवायला.

शिवणखात्यात तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, हातात मोजे. त्यामुळे चेहरा कुणाचाच दिसायचा नाही, आणि म्हणून की काय, प्रत्येकाला टोपणनाव पडलेलं. शेजारच्या टेबलावर गुंडी बसायची. तिने आयुष्याची सुरुवात गुंड्या लावण्यापासून केली होती आणि तोंडाला मात्र एकही गुंडी नव्हती. तपासनीस होता त्याचं नाव भिंग. गोधडी तयार झाली की तो डोळ्याला भिंग लावून टाका न् टाका बघायचा, आणि हाताने चाचपायचा. त्याने मान डोलावली की गोधडी यानावर चढली. नियम एकच, पण कडक. नकाशात जे नाही ते गोधडीत जाता कामा नये, मग तो केस असो की धागा.

अक्काच्या घरी ती आणि लेक, दोघीच. नवरा लेक रांगत होती तेव्हाच दुसरं घर करून बसला होता, त्याचा विषयच नको. लेकीला सगळे चिमणी म्हणायचे, कारण सकाळी डोळा उघडला की जी चिवचिव सुरू व्हायची ती रात्री झोपेतही थांबायची नाही. आईने तिला लाल फ्रॉक शिवला होता, फुग्याच्या बाह्यांचा, मनगटाला नाही तर दंडालाच आवळणाऱ्या इलॅस्टिकचा. तो फ्रॉक धुवायला टाकायचा म्हणजे घरात युद्ध व्हायचं.

"आई, तू त्यांना गोधडी देतेस, मग ते तुला वर नेत नाहीत?" चिमणीने एकदा वेणी घालून घेताना विचारलं.

"मला कशाला नेतील? मी गेले तर तुझी वेणी कोण घालेल, तुझा बाप?"

"मग मला पाठव. मी खिडकीतून तुला हात करीन."

"बरं, पाठवते हो बाई. मान सरळ ठेव आधी."

बोलायला काय जातं? आया दिवसाला अशी दहा वचनं देतात आणि विसरतात. हे मात्र अक्काच्या डोक्यात राहिलं, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे होतं.

खिडकीच्या गोधडीचं काम घाईवर आलं होतं. उड्डाणाची तारीख ठरलेली, वरून तगादा सुरू. चिमणीला सकाळी ताप होता. शेजारणीला सांगून, कपाळावर ओली पट्टी ठेवून अक्का कामाला आली, कारण ताप पोरांना येतोच. शिवणखात्यात फोन आत नेता येत नसे. दुपारी शेजारणीने फाटकावर निरोप दिला, फाटकवाल्याने तो लिहून ठेवला आणि पाळी सुटल्यावर अक्काच्या हातात दिला. तोवर पोर ओळख विसरली होती. मेंदूत ताप गेला होता म्हणे. यानाला थंडी वाजू नये म्हणून आई टाके घालत बसली होती आणि लेक घरी चार पांघरुणांखाली कुडकुडत होती. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

लोक म्हणाले, थोडे दिवस घरी राहा. घरी राहून करायचं काय? घरात आवाजच नव्हता. अक्का कामावर परतली तर टेबलावर तीच गोधडी, अर्धी शिवलेली, तिची वाट बघत पडलेली. दुसऱ्या कुणाला ती गोलाई जमलीच नव्हती. तिला त्या गोधडीचा इतका राग आला, इतका राग आला, की कात्री घेऊन चिंध्या कराव्यात. तसं केलं नाही तिने. घरी जाऊन तिने लाल फ्रॉकची एक बाही उसवली.

दुसऱ्या दिवशी ती बाही तिने स्वतःच्या बाहीखाली दंडाला गुंडाळून आत नेली, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्यावर वरून दुसऱ्या थराखाली चपटी करून सारली आणि कड शिवून टाकली. 'पाठवते' म्हटलं होतं, पाठवली. त्या क्षणी तिला नियम आठवला नाही, यान आठवलं नाही, त्यात बसणारा माणूसही आठवला नाही. हात घाईत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्काचे टाके लांब पडले.

भिंग आला. डोळ्याचं भिंग फिरत फिरत त्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. त्याने बोटांनी चाचपलं.

"अक्का, इथे जरा जाड लागतंय."

"घडी पडली असेल."

"आणि टाके असे?"

अक्काने वर बघितलं. फडक्यावरचे ते दोन डोळे त्याने पाहिले. पोर जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. एरवी मुंगीचा पाय सापडला तरी गोधडी परत पाठवणारा माणूस, त्याने भिंग खिशात टाकलं आणि मान डोलावली. चांगुलपणाच केला बिचाऱ्याने. पण चांगुलपणालाही जागा असते, आणि ती जागा ही नव्हती.

यान गेलं. आत एकच माणूस होता. वर्तमानपत्रं त्याला कप्तान म्हणत होती, मग सगळेच कप्तान म्हणायला लागले. पाचव्या की सहाव्या दिवशी शिवणखात्यातल्या बायका कँटीनमध्ये जेवत होत्या आणि टीव्हीवर कप्तानाचं बोलणं थेट चाललं होतं. आज काय खाल्लं, झोप कशी लागली, असलंच काहीतरी. बोलता बोलता तो थांबला.

"खिडकीबाहेर काहीतरी लाल आहे," तो म्हणाला.

खालून विचारणा झाली, पुन्हा सांगा.

"लाल आहे. एका अंगाने फुगलेलं, दुसऱ्या अंगाने आवळलेलं. माझ्याबरोबर चाललंय. मागे नाही, पुढे नाही. हे... हे हलतंय. कुणी हात करावा तसं."

"अगं बाई! वर पण सिग्नल लागला वाटतं, लाल!" गुंडी ओरडली आणि अख्खं कँटीन हसलं.

अक्काचा घास हातातच राहिला. आणि तुम्हाला खरं सांगायचं तर तिला आधी भीती वाटली नाही. आधी तिला आनंद झाला. छातीत मावेना असा आनंद. पोचली! हात करतेय! एवढी मोठी रिकामी जागा आणि त्यात माझी चिमणी हात करतेय. ती उठून नळापाशी गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि मग खालच्या माणसांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. "यानावर लाल रंगाची एकही वस्तू नाही, कप्तान. आम्ही सगळी यादी तपासली. तुम्हाला झोप कमी पडतेय का?"

तेव्हा भीती वाटली.

बाहीचं ठाऊक असेल तर काय झालं असेल ते कुणीही सांगेल. कापडात दमटपणा राहतो, वर गेल्यावर तो फुगतो, लांब टाके सैल पडतात. बाही हळूहळू बाहेर आली, सुटली, आणि तिथे वारा नाही, काही नाही, त्यामुळे यानाबरोबरच तरंगत राहिली. कप्तानाने फोटो काढला तो काचेतून, उन्हाच्या तिरिपीत. त्यात एक लालसर डाग आला, बस्स. दोन दिवसांनी ते लाल मागे पडलं आणि दिसेनासं झालं. यान खाली येताना बाहेरची गोधडी जळून जाते, ती जळाली. झाकली मूठ तशीच राहिली.

खाली मात्र जग पेटलं. 'लाल पाहुणा' असं नाव पडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! कुणी चित्र काढलं, फुगीर बाजूला इंजिन आणि आवळलेल्या बाजूला चालक. कुणी म्हणालं, पूर्वीच्या अंतराळवीरांनीही असंच काही पाहिलं होतं, सरकारं लपवतात. कुणी म्हणालं, माणूस एकटा राहिला की त्याचं डोकं फिरतं. टीव्हीवर एक जाणकार आला आणि म्हणाला, "असेल यानाचाच काहीतरी कचरा." अक्काने टीव्ही बंद केला. कचरा हा शब्द तिच्या कानातून काही जाईना.

एके दिवशी सामानाच्या खोलीत भिंगाने तिला गाठलं. दार लावून घेतलं.

"अक्का, त्या कोपऱ्यात काय होतं?"

तिने सांगितलं. भिंग एका खोक्यावर मटकन बसला.

"मी सांगून टाकते," अक्का म्हणाली. "तो माणूस खरं बोलतोय आणि लोक त्याला वेडा ठरवतायत."

"आणि मग?" भिंग म्हणाला. "तू जाशील. मी जाईन, आणि माझी थोडीच वर्षं राहिलीत. शिवणखातं बंद पडेल, गुंडी जाईल, सगळ्या जातील. त्याचं काय होणार आहे, सांग? मोठा माणूस तो. मोठ्या माणसांना काही होत नसतं, अक्का. चार दिवस बोलतील आणि विसरतील."

दोघांनाही ते पटलं, कारण दोघांना ते पटवून घ्यायचं होतं.

मोठ्या माणसाला काय काय होऊ शकतं ते मग हळूहळू दिसलं. कप्तान परतला तेव्हा त्याला वरच्या लोकांनी सांगितलं, काचेवरची तिरीप होती म्हणा, थकवा होता म्हणा, आणि पुढच्या वेळी पुन्हा जा. एवढं म्हणायचं होतं. पण माणूस सरळ, आणि सरळ माणसासारखा दुसरा हट्टी नाही. "दिसलं ते दिसलं," तो म्हणाला. "काय होतं ते मला माहीत नाही. पण होतं." मग त्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पुढच्या उड्डाणातून नाव गेलं. त्याच्या मुलाला शाळेत पोरं लाल फडकं दाखवून चिडवायला लागली, हे गुंडीने कुठूनतरी आणलं आणि हसत हसत सांगितलं. अक्काने त्या दिवशी गुंडीला पहिल्यांदा शिवी दिली.

आणि मग तो स्वतःच शिवणखात्यात आला.

त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो प्रत्येक खात्यात जाऊन विचारत होता, रंगकामात, जोडकामात, पॅकिंगमध्ये. टोपी, फडकं, मोजे घालून तो टेबलांच्या मधे उभा राहिला तेव्हा आधी कुणी ओळखलंच नाही.

"मला फक्त एवढंच विचारायचंय," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "कुणाकडून चुकून काही लाल आत राहिलं असेल, चिंधी, धागा, काहीही, तर सांगा. मी नाव घेणार नाही कुणाचं. तक्रार करणार नाही. मी वेडा नाही, एवढंच मला कळायला हवंय."

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. तो एकेका टेबलापाशी थांबत अक्कापर्यंत आला. खिडकीची गोधडी कुणाच्या हातची हे त्याने विचारून घेतलेलं होतं.

"अक्का ना तुम्ही?"

"हो साहेब."

"काही होतं का?"

पलीकडे भिंग उभा होता. पण देवाशपथ, तिने भिंगासाठी खोटं सांगितलं नाही. नोकरीसाठीही नाही. जिभेवर शब्द आला होता. पण तो उच्चारला की त्या लाल हाताची चौकशी होणार, कागदावर त्याला कचरा म्हणणार, आणि वर जे हात करत होतं ते कायमचं मरणार. एकदा मेलेली लेक तिला दुसऱ्यांदा मारवेना.

"आमच्याकडे लाल दोरासुद्धा येत नाही, साहेब," ती म्हणाली.

"बरोबर आहे," कप्तान म्हणाला. "कसा येईल?" त्याने टेबलावरच्या नव्या गोधडीवर मोज्यातला हात ठेवला. "तुमच्या गोधडीत मला थंडी वाजली नाही, अक्का. ते सांगायचं राहिलं होतं."

आणि तो गेला. अक्का त्या दिवशी पाळी संपेपर्यंत शिवत राहिली. सगळे टाके एकसारखे पडले.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसती घसरण आहे. कप्तानाची नोकरी गेली. बायको मुलाला घेऊन माहेरी गेली. त्याला वेडा न म्हणणारे एकाच जातीचे लोक उरले होते, लाल पाहुण्यावर श्रद्धा ठेवणारे. ते त्याला बोलवायचे, हार घालायचे, भाषण करायला लावायचे. सुरुवातीला तो म्हणायचा, "काय होतं मला माहीत नाही." पण 'माहीत नाही' ऐकायला कोण तिकीट काढतं? मग म्हणायला लागला, "ते मला खुणावत होतं." मग, "ते माझ्यासाठी आलं होतं." शेवटी शेवटी, "ते परत येणार आहे." बुडणारा माणूस काडी पकडतो, आणि ही काडी तर लोक स्वतःहून हातात देत होते. भिंग निवृत्त झाल्यावर वर्षभरात वारला. अक्काही निवृत्त झाली. तिच्याकडे घर होतं, पेन्शन होती आणि कपाटात एका बाहीचा लाल फ्रॉक होता.

तिच्याच गावात कप्तानाचं भाषण असल्याचा कागद किराणा दुकानाच्या दारावर लागला. आता कुणाची नोकरी जायची नव्हती. आता सांगायला अडचण कसली? बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. तरी तिने फ्रॉक पिशवीत घातला आणि दुपारीच हॉलवर गेली.

मागच्या खोलीत कप्तान एकटाच कागदी कपातून चहा पीत बसला होता. कोट ढगळ झाला होता, की माणूस आटला होता. तिने नाव सांगितलं नाही. "साहेब, हे बघा," म्हणून फ्रॉक त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने सवयीने हसून घेतला. लोक त्याला काही ना काही आणून देत असावेत. मग त्याची नजर एका बाजूच्या बाहीवर गेली. फुगीर, खाली आवळलेली. मग दुसऱ्या बाजूला, जिथे नुसतं भोक होतं. त्याने बाहीत दोन बोटं घातली, ती फुगवली, खिडकीकडे धरली आणि हलवली. चहाचा कप कधी पडला ते दोघांनाही कळलं नाही.

"माझ्या लेकीची," अक्का म्हणाली. "गेली होती ती. मीच आत शिवली."

"अक्का," तो म्हणाला. आता त्याने ओळखलं. "मी तुमच्यासमोर उभा राहून विचारलं होतं."

"हो साहेब."

"नाव घेणार नाही म्हटलं होतं मी."

"हो." ती दाराकडे वळली. "मी आत्ता सांगते सगळ्यांना. चढते व्यासपीठावर आणि सांगते. तुम्ही वेडे नव्हता, खोटे नव्हता, सगळं सांगते. मला काय करायचं ते करू दे त्यांना."

कप्तानाने फ्रॉक मांडीवर पसरला, नीट, सुरकुत्या काढत.

"बायको जाताना एवढंच म्हणाली होती, की काही नव्हतं असं एकदा म्हण, मी थांबते. मी म्हटलं, होतं. होतं, अक्का, आणि हे होतं." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तेव्हा सांगितलं असतंत तर मी नाचलो असतो. आता हे घेऊन मी काय करू? मला परत वर पाठवतील? मुलगा माझा फोन उचलेल? बाहेर माणसं बसलीत. त्यांच्याशिवाय मला 'ये, बस' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. त्यांना जाऊन सांगू, बाही होती?"

अक्काने वाकून पडलेला कप उचलला.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. फ्रॉकची घडी घालून त्याने तिच्या हातात दिली. तेवढ्यात त्याला बोलवायला माणूस आला.

अक्का जाऊन शेवटच्या रांगेत बसली. पडद्यावर तो लाल डाग होता, भिंतीएवढा मोठा केलेला. कप्तान बोलला. पाठ असलेलंच बोलला, खिडकी, ऊन, लाल रंग, हात. पण आज तो 'त्यांच्या'बद्दल काही बोलेना, नुसतं काय दिसलं तेवढं सांगून थांबला. लोक चुळबुळ करायला लागले. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. दर भाषणाला कुणीतरी हा प्रश्न विचारायचं आणि कप्तान हात उंचावून 'येणार!' म्हणायचा, आणि टाळ्या पडायच्या. सगळे त्याच टाळीसाठी आलेले.

"कप्तान, ते परत कधी येणार?"

कप्तानाने तोंड उघडलं. हातही अर्धा वर गेला. मग त्याची नजर हॉलच्या टोकाला गेली, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या म्हातारीवर, आणि हात खाली आला.

"नाही," तो म्हणाला. "ते परत येणार नाही."

कुणाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"ते कधीच परत येत नसतं," कप्तान म्हणाला. "घरी जा तुम्ही."

खुर्च्या सरकल्या. कुणी म्हणालं, याला विकत घेतला. कुणी म्हणालं, शेवटी वेडा तो वेडाच. ज्याने हार आणला होता त्याने तो उचलून परत पिशवीत टाकला. बोलवायला आलेला माणूस कप्तानाच्या कानाशी लागून काहीतरी खेकसला आणि निघून गेला. थोड्या वेळात हॉलमध्ये दोघंच उरली. तो व्यासपीठाच्या कडेला पाय सोडून बसला होता आणि ती शेवटच्या रांगेत. एक खरं तिने त्याला आणून दिलं होतं, आणि त्या खऱ्याने त्याचं उरलंसुरलंही नेलं होतं.

"अक्का," तो तिथूनच म्हणाला. "हात करत होती, ते मात्र मी खोटं सांगितलं नाही. दोन दिवस करत होती."

"तुम्ही केलात का हो, परत?" अक्काने विचारलं. इतकी वर्षं तिला हेच विचारायचं होतं.

त्याने खोटं सांगितलं असतं तर तिला कळलंही नसतं.

"नाही," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो."

हॉलच्या रखवालदाराने एकेक दिवा मालवायला सुरुवात केली आणि चला, कुलूप लावायचंय, म्हणाला.